मणक्यात गाठ दिसली, पण ती कशाची हे एमआरआय का सांगत नाही?

नमस्कार. तुम्ही लिहिल्याप्रमाणे तुमच्या आईंचे वय ६१ आहे, पाठीच्या मधल्या भागात तीन महिन्यांपासून दुखते आहे, रात्री आडवे झाल्यावर दुखणे वाढते आणि सुरुवातीला काढलेल्या एक्स-रेमध्ये काहीही आढळले नव्हते. आता एमआरआयच्या रिपोर्टमध्ये डी ९ या, म्हणजे छातीच्या भागातील नवव्या, मणक्याचा सिग्नल बदललेला असून तिथून मज्जारज्जूच्या बाजूला थोडा फुगवटा आला आहे असे म्हटले आहे, आणि खाली तीन शक्यता दिल्या आहेत: दुसऱ्या अवयवातून पसरलेला कर्करोग, क्षयरोग किंवा मायलोमा (हाडाच्या मगजातील पेशींचा कर्करोग). डॉक्टरांनी कॉन्ट्रास्टसह पुन्हा एमआरआय, मग सीटी आणि बायोप्सी सुचवली आहे. एवढ्या खर्चिक तपासणीनंतरही एक नाव का मिळत नाही, एक्स-रे चुकला होता का, ३ टेस्लाच्या (म्हणजे अधिक ताकदीच्या चुंबकाच्या) मशीनवर पुन्हा तपासणी करावी का, सरळ पेट-सीटी केल्यास सगळे एकदम कळणार नाही का, आणि सुई घातल्याने आजार पसरतो हे खरे का, असे तुमचे प्रश्न आहेत.

मी रेडिऑलॉजिस्ट आहे. मणक्याचे एमआरआय वाचणे आणि सीटीच्या मदतीने मणक्यातून नमुने घेणे हे माझे नेहमीचे काम आहे. आईंच्या फिल्म मी पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे त्यांना नेमके काय झाले आहे हे मी सांगू शकत नाही आणि कोणीही फिल्म न पाहता ते सांगू नये. त्यांच्यासमोर असलेल्या तपासण्या कशासाठी आहेत आणि त्यांचा क्रम असा का असतो, एवढे मात्र नीट सांगता येईल.

त्याआधी एक गोष्ट, कारण ती बाकी सगळ्यापेक्षा तातडीची आहे. आईंच्या पायांत जडपणा किंवा अशक्तपणा आला, चालताना तोल जाऊ लागला, छातीच्या किंवा पोटाच्या एखाद्या पट्ट्यापासून खाली बधिरपणा जाणवू लागला, लघवी अडू लागली किंवा नकळत होऊ लागली, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी मज्जारज्जूची शस्त्रक्रिया होऊ शकते अशा रुग्णालयात त्यांना न्यावे. मज्जारज्जूवर दाब आलेल्या रुग्णाची चालण्याची क्षमता उपचारानंतर कितपत टिकेल, हे बहुतांशी उपचार सुरू होताना तो चालत होता की नाही यावर ठरते. अशा वेळी निदानाचे नाव मागाहून कळले तरी चालते.

आता मूळ मुद्दा. मणक्यातल्या गाठीच्या बाबतीत इमेजिंगकडून आपण दोन वेगळ्या गोष्टी विचारत असतो. गाठ कुठे आहे, किती पसरली आहे आणि मज्जारज्जूला व कण्याच्या स्थैर्याला तिच्यापासून किती धोका आहे, ही पहिली. ती कशाची आहे, ही दुसरी. पहिल्या प्रश्नाचे उत्तर एमआरआय आणि सीटी मिळून अत्यंत चांगले देतात. दुसऱ्या प्रश्नावर ते शक्यतांची यादी देतात, तिचा क्रम लावतात, काही वेळा ती एकाच नावावर आणून ठेवतात. पण तुमच्या आईंसारख्या चित्रात अखेरचा निर्णय पेशी आणि जंतू पाहूनच होतो. तीन शक्यता लिहिणाऱ्या डॉक्टरांनी टाळाटाळ केलेली नाही. भारतात तर ही यादी अशीच लिहावी लागते, कारण जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्याकडे आहे आणि हाडांच्या क्षयरोगात सर्वाधिक वेळा मणकाच सापडतो.

एक्स-रे चुकला का, याचे उत्तर बहुधा नाही असेच आहे. मणक्याच्या आतल्या जाळीदार हाडातील खनिज साधारण ३० ते ५० टक्के नाहीसे होईपर्यंत साध्या एक्स-रेवर बदल उमटतच नाही. छातीच्या भागात तर बरगड्या, हृदय आणि फुप्फुसे यांच्या सावल्या मणक्यावर येतात. एक्स-रेवर मणक्याच्या मागच्या बाजूचा एक ‘डोळा’, म्हणजे पेडिकलची (मणक्याचा पुढचा भाग मागच्या कमानीला जोडणाऱ्या हाडाच्या खांबाची) गोल सावली, नाहीशी झालेली दिसली तर ती महत्त्वाची खूण असते, पण ती दिसेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो. त्यामुळे वयस्कर व्यक्तीला रात्री वाढणारी, विश्रांतीने न थांबणारी पाठदुखी असेल, वजन घटत असेल किंवा पूर्वी कर्करोग झालेला असेल, तर एक्स-रे नॉर्मल आला म्हणून थांबू नये.

एमआरआयला जे एक्स-रेच्या कितीतरी आधी दिसते, त्याचे कारण असे की तो हाडाच्या खनिजाकडे नव्हे, तर हाडाच्या आतल्या मगजाकडे पाहतो. प्रौढ माणसाच्या मणक्यातील मगजात बरीच चरबी असते, आणि टी १ नावाच्या चित्रांत चरबी उजळ दिसते. म्हणून निरोगी मणका शेजारच्या गादीपेक्षा उजळ दिसतो. गाठीच्या पेशी, पू किंवा सूज यांनी ही चरबी बाजूला सारली की तो भाग काळपट होतो, आणि मणक्याचा एखादा भाग गादीपेक्षाही काळा दिसला की माझे लक्ष तिथे थांबते. चरबीचा सिग्नल दाबून टाकणाऱ्या एसटीआयआर चित्रांत हाच भाग उलट चमकतो. माझ्या कामात मी प्रत्येक मणक्याचा एमआरआय टी १ पासूनच वाचायला घेतो, कारण मगजाबद्दलची सर्वांत प्रामाणिक माहिती तिथे असते. तरी काळा टी १ म्हणजे कर्करोग असे समीकरण मांडता येत नाही. संसर्गात, ताज्या फ्रॅक्चरमध्ये, तीव्र रक्तक्षयात मगज पुन्हा कामाला लागला असताना आणि लहान मुलांच्या निरोगी मणक्यांतही टी १ काळपट असू शकतो. याउलट हेमॅन्जिओमा ही रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ टी १ वर बहुधा उजळ दिसते, कारण तिच्यात चरबी असते. सीटीच्या आडव्या छेदात तिचे जाड झालेले उभे तंतू ठिपक्यांसारखे दिसतात. दर दहा माणसांत साधारण एकाला ती असते आणि तिच्यासाठी जवळजवळ कधीच काही करावे लागत नाही. ‘मणक्यात गाठ’ एवढेच शब्द वाचून घाबरलेली अनेक कुटुंबे या एका माहितीने शांत होतात.

गाठ नेमक्या कोणत्या कप्प्यात आहे, यावर पुढची जवळजवळ सगळी वाट ठरते. मज्जारज्जूभोवती ड्यूरा नावाचे जाड आवरण असते. त्या आवरणाबाहेर, म्हणजे हाडात किंवा हाड आणि आवरण यांच्यामधल्या फटीत असलेली गाठ प्रौढांमध्ये बहुतेक वेळा दुसरीकडून पसरलेली असते, आणि मणक्यातील गाठींत याच सर्वाधिक आढळतात. आवरणाच्या आत पण मज्जारज्जूच्या बाहेर असलेली गाठ बहुधा मेनिंजिओमा (आवरणापासून वाढणारी) किंवा श्वानोमा (नसेच्या वेष्टनापासून वाढणारी) असते. या दोन्ही सहसा सौम्य असतात. छातीच्या भागात, मध्यम किंवा उतारवयातील स्त्रीमध्ये, आवरणाला रुंद तळाने चिकटलेली गाठ मेनिंजिओमा असण्याची शक्यता जास्त, तर नसेच्या वाटेने बाहेर डोकावणारी, हाडातील छिद्र हळूहळू मोठे करणारी गाठ श्वानोमाकडे बोट दाखवते. खुद्द मज्जारज्जूच्या आतल्या गाठी सर्वांत विरळ असून त्यांत एपेंडिमोमा आणि अ‍ॅस्ट्रोसायटोमा प्रमुख आहेत. तिथे मज्जारज्जूची सूज आणि मल्टिपल स्क्लेरोसिससारखे आजार हुबेहूब गाठीसारखे दिसू शकतात, म्हणून सुरी उचलण्याआधी मेंदूचा एमआरआय आणि काही रक्ततपासण्या केल्या जातात. तुमच्या आईंचा बदल हाडात आहे, म्हणजे पहिल्या कप्प्यात, त्यामुळे पुढचे सगळे विवेचन त्याच कप्प्याबद्दल आहे.

क्षयरोग आणि पसरलेला कर्करोग यांत फरक करताना मी सर्वांत आधी गादीकडे पाहतो. क्षयरोगाचे जंतू सहसा मणक्याच्या कडेपाशी, गादीला लागून असलेल्या भागात सुरुवात करतात, आणि मग समोरच्या अस्थिबंधाखालून सरकत शेजारच्या मणक्यात जातात. त्यामुळे लागून असलेले दोन मणके, मधली झिजलेली गादी आणि बाजूला पातळ भिंतीचा, मोठा, त्या मानाने कमी दुखणारा पुवाचा साठा असे चित्र दिसले की क्षयरोगाची शक्यता फार वाढते. कर्करोगाच्या पेशी रक्तातून येतात, मणक्याच्या मागच्या भागात आणि पेडिकलमध्ये रुजतात, गादी बहुधा वाचवतात आणि एकमेकांपासून दूर असलेल्या मणक्यांत विखुरलेल्या दिसतात. पुस्तकात हा फरक स्वच्छ वाटतो. प्रत्यक्षात क्षयरोगही कधी गादीला धक्का न लावता एकाच मणक्याच्या मधोमध बसतो, कधी दूरदूरच्या मणक्यांत दिसतो, आणि कधी फक्त मागच्या कमानीत असतो. ज्या चित्रात एकच मणका, शाबूत गादी आणि आवरणाबाहेर थोडा मऊ भाग एवढेच आहे, तिथे केवळ चित्रावरून एक नाव लिहिणारा रेडिऑलॉजिस्ट रुग्णाला धोक्यात घालतो. हे मी ठामपणे लिहितो, कारण केवळ चित्रावर विसंबून क्षयरोगाची औषधे सुरू केली आणि मुळात आजार लिम्फोमा (लसीका पेशींचा कर्करोग) असला, तर हातातले महिने निघून जातात.

मायलोमाचे नाव यादीत आहे ते वयामुळे. त्याचा तपास एमआरआयपेक्षा स्वस्त आहे: सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, फ्री लाइट चेन, हिमोग्लोबिन, कॅल्शियम आणि क्रिएटिनिन. या रक्ततपासण्या अजून झालेल्या नसतील तर त्या बायोप्सीची वाट न पाहता आजच पाठवाव्यात. त्यांच्यासोबत शरीरातील दाह दाखवणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी या तपासण्या जातात, पण ईएसआर क्षयरोगात आणि मायलोमात दोन्हीकडे वाढतो, त्यामुळे त्याच्या आकड्यावरून कोणी निष्कर्ष काढू नये. स्तनांची तपासणी, मॅमोग्राफी, छातीचे चित्र, थायरॉइड आणि पोटाची सोनोग्राफी यांचाही विचार याच टप्प्यावर होतो, कारण मणक्यात पसरणारे कर्करोग प्रामुख्याने स्तन, फुप्फुस, प्रोस्टेट, मूत्रपिंड आणि थायरॉइड यांतून येतात. आईंना पूर्वी कधी गाठ काढावी लागली होती का, घरात कोणाला क्षयरोग होता का, हे तुम्ही डॉक्टरांना न विचारताही सांगावे; रेडिऑलॉजिस्टपर्यंत हा इतिहास पोहोचला की शक्यतांचा क्रम बदलतो.

कॉन्ट्रास्टचा एमआरआय वायफळ नाही. गॅडोलिनियमच्या इंजेक्शननंतर घट्ट गाठ आतपर्यंत उजळते, तर पुवाच्या साठ्याची फक्त भिंत उजळते आणि आतला द्रव काळाच राहतो. आवरणाबाहेरचा पसारा किती मणक्यांपर्यंत गेला आहे हेही नेमके कळते. ही चित्रे चरबीचा सिग्नल दाबून घ्यावी लागतात, नाहीतर उजळलेली गाठ उजळ मगजात मिसळून दिसेनाशी होते. इंजेक्शनपूर्वी क्रिएटिनिन पाहिले जाते आणि मूत्रपिंड फारच कमजोर असतील तर निर्णय वेगळा होतो. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, त्यामुळे दुसऱ्यांदा केल्याने किरणोत्साराची भीती नाही.

३ टेस्लाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. चांगल्या १.५ टेस्ला मशीनवर नीट केलेला अभ्यास या कामाला पुरेसा असतो. मशीनच्या आकड्यापेक्षा काय काय पाहिले जाते हे महत्त्वाचे: संपूर्ण कण्याची टी १ आणि एसटीआयआर चित्रे, बाधित मणक्याचे बारीक आडवे छेद आणि कॉन्ट्रास्टनंतरची चित्रे. संपूर्ण कणा पाहण्याचा आग्रह मी कायम धरतो. पसरलेला आजार अनेकदा एकाहून अधिक ठिकाणी असतो, आणि दुखणारी जागा आजाराच्या जागेशी जुळेलच असे नाही. पायांतील अशक्तपणासाठी फक्त कमरेचा एमआरआय केला जातो, मज्जारज्जू मात्र कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपासच संपतो, आणि दाब वर छातीच्या भागात असतो. असे प्रसंग आमच्याकडे वारंवार येतात. १८८७ साली लंडनमध्ये सर व्हिक्टर हॉर्स्ले यांनी मज्जारज्जूवर दाब आणणारी गाठ यशस्वीपणे काढली, तेव्हा रॉन्टगेन यांच्या क्ष-किरणांचा शोधही लागायचा होता. न्यूरॉलॉजिस्ट विल्यम गॉवर्स यांनी केवळ रुग्णाची तपासणी करून गाठीची पातळी सांगितली होती, आणि उघडल्यावर ती तिथे न दिसल्याने आणखी वर जावे लागले तेव्हा ती सापडली. आज चित्रे आहेत, पण पाय, संवेदना आणि रिफ्लेक्स तपासून मग कोणत्या भागाचे चित्र काढायचे हे ठरवण्याची गरज तेवढीच आहे.

एमआरआय हाडाच्या कठीण भागाबाबत मात्र कमी बोलतो, म्हणून सीटी. हाड किती पोखरले आहे, मागची भिंत शाबूत आहे का, सांधे आणि पेडिकल धरून आहेत का, हे सीटीवर दिसते. मणका स्थिर आहे की ढासळण्याच्या बेतात आहे, हे ठरवण्यासाठी २०१० पासून वापरात असलेल्या ‘सिन्स’ या गुणपद्धतीत ० ते १८ गुण असतात. ६ पर्यंत स्थिर, ७ ते १२ संशयास्पद आणि १३ ते १८ अस्थिर. तिच्यात गाठीची जागा, हालचालीने होणारे दुखणे, हाड विरघळते आहे की घट्ट होते आहे, मणक्यांची रेषा, खचण्याचे प्रमाण आणि मागच्या भागाचा सहभाग मोजला जातो. गुण ७ किंवा अधिक आले तर शल्यचिकित्सकाचे मत घेतलेच पाहिजे. तोपर्यंत आईंनी वजन उचलणे, वाकून काम करणे आणि पाठीला मालीश करून घेणे पूर्णपणे टाळावे.

पेट-सीटी आधी का नाही, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक कुटुंब विचारते. पेटमध्ये जी साखरेसारखी किरणोत्सारी द्रव्यमात्रा दिली जाते ती भुकेल्या पेशी शोषतात, आणि कर्करोगाच्या पेशींप्रमाणे क्षयरोगाशी झुंजणाऱ्या पेशीही भुकेल्याच असतात. म्हणून क्षयरोगाचा मणका पेटवर तितकाच तेजाने उजळू शकतो. शिवाय मज्जारज्जूवर किती दाब आहे हे पेटला एमआरआयसारखे दिसत नाही. तरीही पेटचे दोन मोठे उपयोग आहेत: मूळ आजार कोणत्या अवयवात आहे हे शोधणे, आणि मणक्यापेक्षा सुरक्षित अशी नमुना घेण्याची जागा, उदाहरणार्थ काखेतील गाठ, सापडणे. आईंच्या पायांत ताकद शाबूत असेल आणि आर्थिकदृष्ट्या शक्य असेल, तर बायोप्सीच्या आधी पेट करून घेण्यात अर्थ आहे. ते शक्य नसेल तर छाती, पोट आणि ओटीपोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी बरेचसे काम करतो. जुना बोन स्कॅन इथे मी फारसा सुचवत नाही, कारण तो हाडाच्या नव्या बांधणीवर उजळतो आणि मायलोमात ती बांधणी कमी असल्याने आजार त्याला चुकू शकतो.

आता सुईची भीती. डी ९ सारख्या मणक्यात सीटीवर पाहत, जागा बधिर करून, सहसा पेडिकलच्या वाटेने सुई आत नेली जाते. रुग्ण जागा असतो आणि बहुतेक जण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. तुमच्या आईंसमोर असलेल्या तिन्ही शक्यतांत सुईमुळे आजार पसरण्याची चिंता करण्याचे कारण नाही. कॉर्डोमासारख्या काही दुर्मीळ मूळ गाठींत मात्र सुईच्या मार्गात पेशी राहू शकतात, म्हणून तिथे पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जननेच सुईचा मार्ग ठरवायचा असतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. मूत्रपिंड किंवा थायरॉइडमधून आलेल्या गाठी फार रक्ताळ असतात, तिथे तयारी वेगळी लागते.

बायोप्सीच्या दिवशी तुम्ही स्वतः एक गोष्ट विचारा: नमुना किती बाटल्यांत जाणार आहे? फॉर्मॅलिनमध्ये टाकलेल्या तुकड्यातून पेशी पाहता येतात, पण त्यात जंतू वाढवता येत नाहीत. म्हणून एक भाग फॉर्मॅलिनमध्ये पॅथॉलॉजीकडे आणि दुसरा भाग निर्जंतुक सलाइनमध्ये सीबीनॅट (क्षयरोगाच्या जंतूंचे जनुक शोधणारी तपासणी) व कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहण्यासाठी) गेला पाहिजे. सीबीनॅट रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देतील का तेही सांगते आणि राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात ती विनामूल्य होते. आपल्याकडे क्षयरोग आणि कर्करोग दोन्ही यादीत असताना संपूर्ण नमुना एकाच फॉर्मॅलिनच्या बाटलीत जाणे हे फार मोठे नुकसान आहे. त्याचप्रमाणे मज्जारज्जूची तातडी नसेल तर बायोप्सीपूर्वी स्टेरॉइड सुरू करू नये, कारण लिम्फोमा स्टेरॉइडने तात्पुरता विरघळतो आणि नमुन्यात काहीच सापडत नाही. तातडी असेल तर हा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा.

नाव कळण्यासाठी इतका खटाटोप कशाला, असेही तुम्ही विचारले आहे. कारण उपचार पूर्ण वेगळे आहेत. क्षयरोगावर अनेक महिने औषधे लागतात आणि बहुतेक रुग्ण बरे होतात. मायलोमा आणि लिम्फोमा किरणोपचाराला व औषधांना इतका चांगला प्रतिसाद देतात की दाब असूनही अनेकदा शस्त्रक्रिया टळते. घट्ट गाठींच्या बाबतीत मात्र २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या पॅचेल यांच्या अभ्यासात, दाब काढण्याची शस्त्रक्रिया आणि नंतर किरणोपचार घेतलेल्यांपैकी ८४ टक्के रुग्ण चालू शकले, तर फक्त किरणोपचार घेतलेल्यांपैकी ५७ टक्के. म्हणजे एकाच दिसणाऱ्या चित्रावर एका रुग्णाला गोळ्या, दुसऱ्याला किरण आणि तिसऱ्याला शस्त्रक्रिया योग्य ठरते.

तुमच्यासाठी क्रम थोडक्यात असा राहील: आज रक्ततपासण्या, या आठवड्यात संपूर्ण कण्याचा कॉन्ट्रास्ट एमआरआय आणि सीटी, जमल्यास पेट, आणि लगेच बायोप्सी. जुन्या एमआरआयची फक्त फिल्म नको, पूर्ण चित्रे असलेली सीडी सोबत ठेवा. पहिल्या बायोप्सीत ‘निदानासाठी नमुना अपुरा’ असे आले तर तो कर्करोग नसल्याचा पुरावा मानू नका. दुसऱ्यांदा नमुना घ्यावा लागतो आणि त्यात काही वावगे नाही. निदान क्षयरोगाचे झाले आणि औषधे सुरू झाली, तर पहिल्या काही महिन्यांत पुन्हा केलेला एमआरआय आधीपेक्षा वाईट दिसू शकतो. त्या वेळी दुखणे, वजन, भूक आणि पायांची ताकद यांत सुधारणा असेल तर केवळ चित्रावरून औषधे बदलू नयेत. सुधारणा नसेल, तर मात्र कल्चरचा अहवाल पुन्हा पाहून दुसऱ्या बायोप्सीचा विचार करावा.